बहादूरशहाची भांग आणि वसईचा कायदा

वसईचा तह म्हटले की शाळेत शिकलेला १८०२ सालचा, दुसऱ्या बाजीरावाचा तह आठवतो. त्याच्या २६८ वर्षे आधी वसईचा आणखी एक तह झाला होता आणि तो आपण बहुतेक विसरलो आहोत. गुजरातचा सुलतान बहादूरशहा तेव्हा दोन बाजूंनी कात्रीत सापडला होता. उत्तरेकडून हुमायून चालून येत होता आणि समुद्रावर पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाचे आरमार त्याच्या बंदरांची राखरांगोळी करत होते. एका शत्रूला तरी गप्प बसवावे म्हणून २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्या अखत्यारीतली बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. मुंबईची बेटेही त्यातच गेली. हा तह सांव मातेउस नावाच्या पोर्तुगीज जहाजावर झाला.

याच बहादूरशहाबद्दल एक गोष्ट गोव्यात छापलेल्या एका औषधींच्या पुस्तकात नोंदली गेली आहे. सुलतानाचा पोर्तुगीज आरमारप्रमुख मार्टिम अफोंसो द सोझाशी घरोबा जमला होता. मनातल्या गोष्टी तो त्याला सांगत असे. एकदा त्याने सांगितले की रात्री कधी पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण फिरून यावेसे वाटले, तर आपण फक्त थोडी भांग खातो. या यादीत ब्राझील कसे आले, असा प्रश्न पडतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाला ब्राझीलशी काय देणेघेणे? उत्तर बहुधा समोरच बसले होते. सोझा हिंदुस्थानात येण्याआधी १५३० ते १५३३ या काळात ब्राझीलच्या मोहिमेवर होता आणि तिथे त्याने सांव व्हिसेंतीची वसाहत वसवली होती. पाहुण्याने सांगितलेला देश यजमानाच्या भांगेत उतरला, एवढाच अर्थ मी काढतो.

ही गोष्ट लिहून ठेवणारा गार्सिया द ओर्ता हा सोझाचाच वैद्य. १५३४ मध्ये त्याच्याबरोबर तो गोव्यात उतरला, सुरुवातीची वर्षे त्याच्या मोहिमांतून फिरला आणि मग गोव्यात दवाखाना थाटून सुमारे तीस वर्षे तिथेच राहिला. वसईशी त्याचे नाते केवळ ऐकीव नव्हते. मुंबई बेट त्याला सरकारकडून पट्ट्याने मिळाले होते आणि ते बेट वसईच्या कारभाराखाली होते. वसईच्या मुलुखात शेती करणारे कुणबी, बागाईत करणारे माळी, वसुली सांभाळणारे परभू, वाणी, पारशी अशा लोकांची त्याने दिलेली माहिती आजही इतिहासकार वापरतात. साष्टीतली आणि घारापुरीची लेणी त्याने पाहिली होती.

त्याचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात जोआंव द एंदेमच्या छापखान्यातून बाहेर पडला. ग्रंथ संवादरूपात आहे. युरोपातून नव्याने आलेला, पुस्तकी विद्येवर विसंबणारा रुआनो प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. मधूनच मालूपा नावाचा हिंदू वैद्यही येऊन बोलतो. या ग्रंथातला आठवा संवाद भांगेवर आहे. पाने कुटून भांग कशी करतात, कोणी तिच्यात सुपारी घालतो, कोणी साखर, कोणी अफू, हे तो सांगतो. घरातले नोकर आपल्या नकळत भांग घेत असत आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिने काम जाणवत नाही, मन आनंदी होते आणि भूक लागते, अशी त्याची नोंद आहे. त्याने स्वतः ती चाखली नाही. आजचा डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णाला भूक लागावी, ओकारी थांबावी म्हणून ज्या गुणांचा विचार करतो, त्यातला एक गुण ओर्ताच्या घरातल्या नोकरांनी साडेचार शतकांपूर्वी नेमका सांगून ठेवला होता. ओर्ताला मात्र त्यात औषधापेक्षा व्यसनच जास्त दिसले.

ग्रंथ वाया गेला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने १५६७ मध्ये अँटवर्पमधून त्याचा लॅटिन सारांश काढला आणि युरोपातल्या वैद्यांना भांगेची ओळख त्यातून झाली. लेखकाचे नशीब मात्र वाईट निघाले. तो ज्यूंच्या धर्मांतरित घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली. औषधींचा अभ्यास करणाऱ्या माणसावर सरकारी यंत्रणेने धरलेला हा राग धर्माचा होता, वनस्पतीचा नव्हता.

आपले वैद्य या वनस्पतीला विजया म्हणत आणि तिच्याबद्दल त्यांना ओर्तापेक्षा बरेच जास्त ठाऊक होते. शार्ङ्गधरसंहितेत पचण्याआधीच अंगभर पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावे येतात. भांगेची चिमूट जिभेवर ठेवून औषधशास्त्र शिकलेल्या माणसाचेच हे निरीक्षण असणार. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात विजयेचे गुण आहेत: पाचक, ग्राही, भूक वाढवणारी आणि मोह उत्पन्न करणारीही. संग्रहणीवरच्या जातिफलादि चूर्णात भांग असते. कच्ची भांग औषधात घालायची नाही, आधी धुऊन, दुधात शिजवून तिची शुद्धी करायची, असा दंडक. औषध आणि नशा यांच्यामधली रेघ शास्त्राने मात्रेवर आणि शुद्धीवर ओढली होती. राजाच्या हुकमाची तिथे गरज पडली नव्हती.

राजाचा हुकूमही या झाडाच्या वाट्याला आला, पण उलट्या दिशेने. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये वसईला आला होता. तटबंदीच्या आतल्या त्या श्रीमंत शहराचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्याच प्रवासग्रंथात तो मोगली तुरुंगातल्या एका शिक्षेबद्दल लिहितो. भांग आणि धोतरा मिसळलेले पेय कैद्याला रोज पाजायचे, म्हणजे तो हळूहळू बुद्धीने आणि शरीराने खंगत जातो. वैद्याच्या हातात जी विजया, तीच दरोग्याच्या हातात विष. एकोणिसाव्या शतकात गोव्याचेच एक डॉक्टर, मुंबईत व्यवसाय करणारे जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, तेव्हा फ्रायरचे वसईचे वर्णन त्यात घेतले. वसईच्या इतिहासाला डॉक्टर लेखकांची अशी परंपराच आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, पुढे १८१८ मध्ये ती पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेली. यातल्या लढायांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी थेट कलकत्त्याकडे वळतो; कारण भांगेचे आधुनिक औषध तिथे जन्मले.

विल्यम ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. १८३९ मध्ये त्याने बंगालच्या वैद्यक संस्थेपुढे गांजावरचा निबंध वाचला. आधी त्याने संस्कृत, फारसी ग्रंथांचे जाणकार गाठले, मग कुत्री, मांजरे, मासे अशा प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यानंतरच अल्प मात्रेत रुग्णांना औषध दिले. संधिवात, लहान मुलांचे झटके, पटकी आणि धनुर्वात. धनुर्वाताचे रुग्ण तेव्हा वेदनेने कमानीसारखे वाकून मरत. ओशॉनेसीच्या औषधाने रोग बरा होतच असे, असे नाही, पण आचके सैल पडत आणि मरणाऱ्याचे हाल कमी होत, एवढे त्याने प्रामाणिकपणे लिहिले. लहान मुलांच्या झटक्यांवरचा त्याचा अनुभव मात्र मुद्दाम लक्षात ठेवावा. पावणेदोनशे वर्षांनी त्याचा धागा पुन्हा हाती येतो. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानच्या तारखात्याचा प्रमुख झाला. गांजाचा अर्क आणि तारायंत्र, दोन्ही एकाच माणसाने रुजवावे, हे त्या शतकालाच शोभते.

तो विलायतेला जाताना गांजा बरोबर घेऊन गेला. लंडनच्या पीटर स्क्वायरने त्याचा अर्क तयार केला, अमेरिकेच्या औषधसंहितेत १८५० मध्ये गांजा दाखल झाला आणि १८९० मध्ये राणीचे वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपला तीस वर्षांचा अनुभव मांडला. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक हे पश्चिम हिंदुस्थानातल्या वनौषधींचे मोठे जाणकार. त्यांनी सी. जे. एच. वॉर्डन आणि डेव्हिड हूपर यांच्याबरोबर हिंदुस्थानी वनौषधींवर जो ग्रंथ रचला, त्यात भांग, गांजा, चरस यांची माहिती आहे. यातल्या वॉर्डन यांचे नाव लक्षात असू द्या, ते लगेच पुन्हा येईल.

औषध म्हणून गांजाची अशी चढती कमान चालू असताना सरकारच्या लेखी तो फक्त महसूल होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू, ताडी, गांजा, भांग सगळे एका छत्राखाली आणले. वसईकरांना त्या कायद्याची झळ लागली ती ताडामाडांवरच्या झाडपट्टीतून. ताडी काढणाऱ्या भंडारी मंडळींची ओरड मोठी झाली. गांजा-भांगेच्या दुकानांचे मक्ते लिलावात जात आणि जो जास्त बोली बोले त्याला दुकान मिळे. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर, सातारा या बाजूला होई. मध्य प्रांतात खांडवा, बंगालात नौगाव. कोकणच्या किनाऱ्यावर तो घाटावरून येणारा माल होता.

मग मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम केन या दारूबंदीवादी सभासदाने प्रश्न विचारला: गांजा-भांगेची लागवड, व्यापार आणि लोकांवरचे परिणाम यांची तज्ज्ञांच्या आयोगाकडून चौकशी करणार काय? जुलैमध्ये आयोग नेमला गेला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सभासदांत मुंबई इलाख्यातल्या पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी होते, रसायनाचे प्राध्यापक म्हणून ते वॉर्डन होते आणि तीन हिंदुस्थानी गृहस्थ होते. सत्तर प्रश्नांची यादी देशभर पाठवली गेली. ११९३ साक्षीदार झाले: कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, वैद्य, हकीम, पाद्री, दुकानदार. मुंबई इलाख्याच्या साक्षी सिंध आणि वऱ्हाडाबरोबर सातव्या खंडात आहेत. एखाद्या वनस्पतीची एवढी कसून सरकारी चौकशी क्वचितच झाली असेल.

या चौकशीतला सर्वांत वाचनीय भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. १८९२ साली देशभरच्या इस्पितळांत आलेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदवले होते. आयोगाने एकेक कागद उपसला. कारणाचा रकाना बहुतेक वेळा डॉक्टरांनी स्वतः तपासून भरलेला नव्हता. रुग्णाला पकडून आणणाऱ्या पोलिसाने तो भरून आणला होता. कुणी म्हणाले हा गांजा ओढतो, की झाले कारण. नातेवाइकांना बोलावून विचारले तर कितीतरी जणांनी आयुष्यात चिलीम हातात धरली नव्हती. २२२ पैकी जेमतेम ९८ नोंदी आयोगाला ग्राह्य वाटल्या, त्यांतही काहींच्या बाबतीत दुसरी कारणे जोडलेली होती. कुलाब्यासारखी मुंबईची इस्पितळेही या तपासणीतून सुटली नाहीत. पोलिसाच्या रकान्यातून विज्ञान जन्माला येण्याची ही सवय पुढे गेली असे कुणी म्हणेल, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने रोज गांजाचा धूर दिला आणि शेवटी त्याचा मेंदू तपासला. त्यात काही विशेष बिघाड सापडला नाही.

१८९४ मध्ये अहवाल आला. बेताने घेणाऱ्यांच्या शरीरावर, मनावर, वर्तनावर लक्षात येण्याजोगा वाईट परिणाम होत नाही, अतिरेकाने मात्र होतो. संपूर्ण बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही. लागवडीवर परवाना, दुकानांची संख्या कमी, करात वाढ, जवळ बाळगण्यावर मर्यादा एवढे करावे, असा निष्कर्ष. हिवतापाच्या दलदलीत राबणारे मजूर तापापासून राखण म्हणून गांजा घेतात, वैद्य आणि हकीम पोटाच्या विकारांवर तो देतात, जनावरांच्या औषधातही तो पडतो, याचीही नोंद झाली. तीनपैकी दोन हिंदुस्थानी सभासदांनी, राजा शशीशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, भिन्नमत नोंदवले. म्हणजे गांजाविरुद्ध फक्त परकी पाद्रीच होते आणि आपले लोक सगळे त्याच्या बाजूने, ही आज काही मंडळी सांगतात ती कथा खरी नाही. उलट्या बाजूची कथाही खरी नाही: इंग्रज सरकारला वनस्पतीबद्दल कळवळा होता असे नव्हे, अबकारीचे उत्पन्न त्याला हवे होते.

अहवालाने गांजा वाचला, पण औषध म्हणून तो मागे पडतच गेला. कायद्यामुळे नव्हे. मॉर्फिन पाण्यात विरघळते, म्हणून ते सुईने टोचता येते. गांजाची राळ विरघळत नाही. एका बाटलीतला अर्क जोरदार, तर दुसऱ्या बाटलीतला निकामी, कारण त्यातले नेमके द्रव्य कोणते हेच कुणाला माहीत नव्हते. १८९९ मध्ये बायरने ॲस्पिरिन बाजारात आणले. डॉक्टरला दर वेळी सारखाच गुण देणारी गोळी मिळाली, तर तो हिरव्या चिकट अर्काकडे का वळेल? ब्रिटिश औषधसंहितेने १९३२ मध्ये आणि अमेरिकी संहितेने १९४२ मध्ये गांजा गाळला. दरम्यान १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहाने गांजा-चरस आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले आणि १९३० मध्ये हिंदुस्थानात घातक औषधांचा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने मोठी उडी मारली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि ६ एप्रिल १९५० पासूनची पूर्ण दारूबंदी हे मोरारजी देसाईंच्या गृहखात्याचे काम. ताडीमाडीवर जगणाऱ्या वसईत त्या वर्षांची आठवण लोक ताडीच्या संदर्भात काढतात, पण त्याच कायद्याने भांगेलाही कुलूप घातले. परवान्याशिवाय भांग करणे, बाळगणे, पिणे हा महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. उत्तर प्रदेशातल्या सरकारमान्य दुकानांचे फोटो पाहून अनेकांचा इथे गैरसमज होतो. याच कायद्याला १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कात्री लावली. मद्यार्क असलेल्या औषधांवरची बंदी न्यायालयाने रद्द केली. रुग्णाच्या औषधाला दारूबंदीच्या दोरीने बांधू नये, हे तत्त्व त्या निकालात आहे. ते गांजाच्या औषधांपर्यंत कुणी नेले नाही.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस यांना सर्वांत कडक यादीत टाकले. शेंडे नसलेली पाने आणि बिया बाहेर ठेवल्या. पाने सुटली त्यात भारताच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. वैद्यकाबाहेरचा वापर थांबवायला जुन्या चालीच्या देशांना २५ वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा राजीव गांधी सरकारने अमली पदार्थविरोधी कायदा आणला. लोकसभेत विधेयक ऑगस्ट १९८५ मध्ये मांडले गेले आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून कायदा लागू झाला. इतक्या मोठ्या विषयावर इतकी थोडी चर्चा! १८९४ च्या खंडांवर तेव्हा धूळच होती. आणि योगायोग पाहा, त्याच १९८५ साली अमेरिकेत गांजातल्या मुख्य द्रव्याची कृत्रिम गोळी, ड्रोनाबिनॉल, केमोथेरपीनंतरच्या ओकाऱ्यांसाठी मंजूर झाली. इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी हे टीएचसी द्रव्य १९६४ मध्येच शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. ओशॉनेसीच्या बाटलीतले कोडे सुटले होते.

आता त्या कायद्यातली एक गोष्ट, जी बातम्यांत येत नाही. कलम ८ ची बंदी वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराला लागू नाही. कलम १० राज्य सरकारला गांजाची लागवड, निर्मिती, विक्री यांची परवानगी देण्याचा अधिकार देते. चरस तेवढा वगळला आहे. इतकेच नव्हे, ‘औषधी गांजा’ अशी व्याख्याच कायद्यात आहे: गांजाचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर. ओशॉनेसीचे टिंक्चर दुकानातून गेले, संहितेतून गेले, पण कायद्याच्या पानावर ते अजून आहे. त्यामुळे भारतात औषधी गांजावर बंदी आहे, हे वाक्य तंतोतंत खरे नाही. बंदीपेक्षा वाईट अवस्था आहे. मुभा लिहिलेली आहे आणि ती रुग्णापर्यंत नेणारी यंत्रणा नाही.

हे नेमके कसे घडते ते मॉर्फिनच्या हकिकतीवरून कळते. १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळाने कर्करोगाच्या रुग्णांचे मॉर्फिनच तुटले. डॉक्टर कागद भरायला घाबरू लागले, औषध दुकानांनी साठा ठेवणे सोडले. वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा नवा वर्ग आला आणि देशभर एकसारखे नियम झाले. त्या यादीत सहा नावे आहेत: मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. गांजापासूनचे एकही औषध तिथे नाही. त्याच कायद्यातल्या सक्तीच्या फाशीला मुंबई उच्च न्यायालयाने १६ जून २०११ रोजी घटनाबाह्य ठरवले होते, तेव्हा बदल अशक्य असतो असे नाही. कुणीतरी पिच्छा पुरवावा लागतो.

बाहेरचे जग या काळात बरेच पुढे सरकले. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये, कॅनडाने २००१ मध्ये औषधी वापराला मान्यता दिली. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहान मुलांच्या दुर्धर फेफऱ्यांवर गांजातल्याच सीबीडी द्रव्याचे एपिडायोलेक्स हे औषध मंजूर केले. ओशॉनेसीच्या टिपणातली आचके देणारी मुले इथे पुन्हा भेटतात, फक्त या वेळी मोजून-मापून केलेल्या चाचण्यांसह. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढले. २७ विरुद्ध २५ अशा मतांनी ठराव झाला आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. दिल्लीने संयुक्त राष्ट्रांत घेतलेली भूमिका आणि दिल्लीने देशात केलेला कायदा, यांचे एकमेकांशी फारसे बोलणे होत नाही.

वसई-विरारमध्ये आज गांजाची बातमी येते ती पोलिसांच्या पत्रकातून. १ ऑक्टोबर २०२० पासून इथे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा कायद्याने अल्प, वीस किलोच्या वर गेली की व्यावसायिक. तिथे किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि जामीन जवळजवळ दुर्लभ. पण या भागाची खरी डोकेदुखी आता गांजा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात पकडलेला मेफेड्रोनचा साठा ७०० किलोच्या आसपास होता. जमिनीत न उगवणारे, प्रयोगशाळेत बनणारे हे विष १९८५ च्या यादीत नव्हतेच. ते २०१५ मध्ये घालावे लागले. एका झाडाच्या मागे चाळीस वर्षे लागलेल्या यंत्रणेला बाजार कधी बदलला ते उशिरा कळले, असे माझे मत आहे.

औषधाची एक वाट मात्र उघडी आहे आणि ती जुन्या वैद्यांची आहे. पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. उच्च न्यायालयांनीही एकाहून अधिक निकालांत भांग म्हणजे गांजा नव्हे असे म्हटले आहे. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात विषारी वनस्पतिद्रव्यांमध्ये भांगेचे नाव आहे. म्हणजे परवानाधारक आयुर्वेदिक कंपनी तिचे औषध करू शकते, फक्त वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर हवी. मुंबईतल्या बॉम्बे हेम्प कंपनीसारख्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत याच वाटेने विजयेची तेले बाजारात आणली. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तंतू आणि बियांसाठी लागवडीला परवाने दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया आणि त्यांचे तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केले. त्या बियांत नशा नाही आणि औषधही नाही. कुणी तसे सांगून विकत असेल तर ती फसवणूक समजावी.

नव्या औषधांबद्दलचा पुरावाही सारखा नाही. लहान मुलांच्या त्या दोन फेफऱ्यांवर तो भक्कम आहे, केमोथेरपीच्या ओकाऱ्यांवर आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या आखडलेल्या स्नायूंवर चांगला, जुनाट वेदनांवर माफक आणि कर्करोग बरा होतो या दाव्यावर शून्य. सीबीडीमुळे व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्यांवरचे औषध घेणाऱ्या मुलाच्या यकृतावर ताण येऊ शकतो. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत भ्रमिष्टपणाचा धोका वाढतो, हे १८९४ च्या आयोगाला माहीत नव्हते, आपल्याला आहे.

घरात फेफरे येणारे मूल किंवा कर्करोगाचा रुग्ण असेल, तर आधी त्याच्या मेंदूविकारतज्ज्ञाशी किंवा वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोला आणि चालू औषधांची यादी समोर ठेवा. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली बाटली औषधाची असली तरी तिच्यात टीएचसी असेल, तर ती जवळ बाळगणे इथे गुन्हा ठरू शकतो. आणि घरातला कुणी व्यसनात अडकला असेल, तर एक कलम माहीत असू द्या, वकिलांनाही ते नेहमी आठवत नाही. कलम ६४-अ प्रमाणे अल्प मात्रेच्या प्रकरणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेऊन तो पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही.